एकशे अठरा, पण कशाचा?

आमच्या घरात ‘एकशे अठरा’ म्हटलं की वाटपाचा दावा. आजोबांनी १९९४ साली वाईच्या कोर्टात चुलतभावांवर लावलेला. सातबाऱ्यावरच्या एका जुन्या नोंदीपायी त्या निकालाची नक्कल काढायचं काम माझ्याकडे आलं. नंबर तोंडपाठ, सालही.

“प्रकार कोणता?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

दर जानेवारीत प्रत्येक प्रकाराचे नंबर एकपासून नव्यानं सुरू होतात. साधा दिवाणी दावा आरसीएस, जास्त रकमेचा विशेष दावा, फौजदारीत आरसीसी नि एससीसी, शिवाय दरखास्ती आणि किरकोळ अर्ज. त्यामुळे ११८/१९९४ एकाच कोर्टात बरेच असतात. आरसीसीतला कुणाच्या तरी मारामारीचा निघाला.

“वाटपाचा म्हणजे आरसीएसच ना?” मी म्हणाले.

“हो, पण निकाल कुठला हवाय?”

वाटपाच्या दाव्यात आधी कुणाचा हिस्सा किती, एवढंच ठरतं. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं. त्यासाठी आजोबांनी दरखास्त दिली होती, तिचा नंबर वेगळा. त्याआधी चुलतआजोबा अपिलात साताऱ्याला गेलेले, तिथं आरसीए म्हणून तिसरा. बांध तोच, भाऊबंदकी तीच. पण कोर्ट भांडणाला नंबर देत नाही, दाखल झालेल्या कागदाला देतं. मला हे आधी आडमुठेपणाचं वाटलं, मग पटलं. अपिलाचे न्यायाधीश वेगळे, मुदत वेगळी. एकाच नंबरात ते कोंबणार कसं?

फाइलच्या पोटातही नंबर असतातच. दावा निशाणी १, तूर्तातूर्त मनाईचा अर्ज निशाणी ५. वकील मंडळी ‘फाइव्हवर ऑर्डर झाली’ एवढंच बोलतात, मनाईचं नावही काढत नाहीत.

आता खटल्याला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर मिळतो: राज्य, जिल्हा, कोर्ट, सहा आकडी क्रमांक आणि वर्ष. त्यात प्रकार येतच नाही. मोबाइलवर टाकला की पुढची तारीख दिसते. अपिलाला मात्र सीएनआरही नवाच.

आमचं काम काकूच्या ट्रंकेनं केलं. तिच्यात अपिलाच्या निकालाची प्रत होती आणि तिच्या माथ्यावर मूळ दाव्याचा प्रकार, नंबर आणि निकालाची तारीख. रेकॉर्ड रूमला ती तारीखच हवी होती. नक्कल मिळाली. दरखास्तीचे कागद मात्र वाटपासाठी तहसील कचेरीत गेलेले, आणि तिथं त्यांना महसुलाचा चौथा नंबर पडलेला.