शंकेखोर

शंकेखोर म्हणून माझी घरात, आळीत आणि बँकेत सारखीच ख्याती आहे. कुलूप लावले की मी ते तीनदा ओढून पाहतो. दुधाचा हिशेब दोनदा करतो. दोन्ही वेळा उत्तर वेगळे येते, हा भाग निराळा. बी.कॉम. झालेल्या माणसाकडून याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

बँकेत मात्र या दुर्गुणाला पगार मिळतो. तिथे एकाने नोंद करायची, तो मेकर. दुसऱ्याने तपासून पास करायची, तो चेकर. आमच्या घरीही हाच नियम आहे. खर्च मी करतो, पास करणे सौ.च्या अखत्यारीत. तिच्या हातून आजवर एकही खोटे व्हाउचर सुटलेले नाही.

मार्चअखेरीच्या एका दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. एका कारखानदारांचा ई-मेल आला होता. लेटरहेड, शिक्का, सही, सगळे जिथल्या तिथे. ‘यंत्रे पुरवणाऱ्यांचा खाते क्रमांक बदलला आहे. 18 लाख रुपये आत्ताच पाठवा. मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका.’

“मोठं गिऱ्हाईक आहे. लगेच करून टाका,” साहेब म्हणाले.

आता, आरटीजीएसने गेलेला पैसा म्हणजे धनुष्यातून सुटलेला बाण. पूर्वी चोरालासुद्धा बँकेची वेळ पाळावी लागे. 14 डिसेंबर 2020 पासून ही सेवा रात्रंदिवस चालू असते. माझ्या मनात पाल चुकचुकली. जो गृहस्थ 30 रुपयांच्या चार्जेससाठी अर्धा तास फोनवर भांडतो, तो 18 लाखांसाठी ‘फोन करू नका’ म्हणतो?

पण साहेबांना तसे म्हणायची छाती नव्हती. “चहा घेऊन करतो,” असे पुटपुटून मी बाहेर सटकलो आणि जुन्या फायलीतला नंबर काढून पाण्याच्या पिंपाआडून फोन लावला.

“मीटिंग कसली? मी न्हाव्याच्या खुर्चीत बसलोय! आणि खातं कुणी बदललं म्हणता?”

पिंपातले दोन ग्लास पाणी प्यालो, तेव्हा कुठे केबिनपर्यंत पाय निघाले.

असल्या वेळी मला बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेची आठवण होते. फेब्रुवारी 2016 मध्ये चोरांनी तिच्या नावाने न्यूयॉर्कला पैसे पाठवण्याचे खोटे आदेश धाडले. 8 कोटी 10 लाख डॉलर मनिलाला पोचलेसुद्धा. ढाक्यातला आदेश छापणारा प्रिंटर बंद होता. पण बंद प्रिंटरचा संशय कुठल्या ऑफिसात कुणाला येतो? श्रीलंकेला निघालेले 2 कोटी डॉलर मात्र अडले, कारण चोरांनी ‘फाउंडेशन’चे स्पेलिंग चुकवले आणि वाटेतल्या एका बँकेने ‘हे काय?’ म्हणून विचारले. कोट्यवधींची यंत्रणा एका बाजूला आणि विचारायला न लाजणारा माणूस एका बाजूला! मी तर विचारले तेही पिंपाआडून.

रात्री जेवताना मी हा पराक्रम तिखटमीठ लावून सौ.ला सांगितला. पिंप तेवढे वगळले. तिने शांतपणे आमटी वाढली आणि विचारले, “पण फोनवर बोलले ते मालकच होते, हे कशावरून?”

घास हातातच राहिला. त्या रात्री उठून मी कुलूप चौथ्यांदा ओढून पाहिले.