कुस्कोचा जिना

दक्षिण अमेरिकेतील दीड महिन्याचा प्रवास आटोपून घरी परतलो, त्याला आज आठवडा झाला. पेरूच्या आणि आपल्या घड्याळात साडेदहा तासांचे अंतर. झोप अद्याप मार्गावर आलेली नाही. जागेपणी माचू पिच्चूपेक्षा कुस्कोमधील एक जिनाच अधिक आठवतो.

ते शहर सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब कमी असल्याने तेथे प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. बाराव्या पायरीवरच मला धाप लागली. कठडा धरून थांबलो; मागचे तरुणही मुकाट्याने थांबले.

परतल्यावर ८२ वर्षांची आई ओसरीकडे निघाली आणि मध्येच भिंतीला टेकली. तिचे हृदय क्षीण झाले आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही "आई, चल ना लवकर" हे नेहमीचे शब्द ओठांवर आले आणि तेथेच विरले. तिच्यासाठी घरातच कुस्को आहे.

आपल्या घरातील वृद्धांची धाप नव्याने वाढली किंवा पाय सुजू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि त्यांच्यासोबत चालताना त्यांच्याच गतीने चाला. आता ओसरीपर्यंत आम्ही दोघे दोनदा थांबतो.