नावाचं कलम

आमच्या कोकणात हापूसच्या झाडाला कलम म्हणतात. आंबा म्हणजे रायवळ. हापूसची कोय लावली तर झाड होतं, पण हापूस धरत नाही. गावठी रोपावर त्याची काडीच बांधावी लागते. आजोबांनी मला बागेत शिकवलेली ही पहिली गोष्ट. आजी हापूसला ‘आपूस’ म्हणायची. हे नाव कुठलं, असं घरात कधी कुणी विचारलं नाही.

कॉलेजात इतिहास घेतला आणि अफोंसो द अल्बुकर्क समोर आला. 1510 मध्ये गोवा जिंकल्यावर शहरातल्या मुसलमानांची कत्तल करवणारा. आंब्याला त्याचंच नाव पडलं, असं सांगतात. आजीच्या तोंडी त्या माणसाचं नाव असावं, याचा मला फार राग आला. एक उन्हाळा तर आंब्याची गोडीच गेली.

पुढे वाचत गेले तसं कळलं, नाव त्याच्या कितीतरी आधीचं आहे. ते गॉथ या जर्मानिक लोकांचं. 376 साली हूणांच्या भीतीने त्यांच्यातले हजारो बायकामुलांसह डॅन्यूब ओलांडून रोमन साम्राज्यात आसऱ्याला आले. त्यांच्याच वंशजांनी पुढे स्पेनवर राज्य केलं. नावातलं ‘फुन्स’ म्हणजे तत्पर, सज्ज. त्याआधीचा तुकडा कुलीनतेचा की लढाईचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला कुलीनतेचा आवडतो. 711 नंतर ते राज्य बुडालं, गॉथिक बोलणारंही तिथे कुणी उरलं नाही, पण नावाची काडी परक्या भाषांवर जगली: लॅटिनमध्ये अदेफोन्सुस, स्पॅनिशमध्ये अल्फोन्सो, पोर्तुगीजमध्ये अफोंसो. पोर्तुगालचा पहिला राजाही अफोंसोच.

अल्बुकर्कला मी माफ केलेलं नाही. पण ‘हापूस’ म्हणताना आता मला नदीकाठची ती घाबरलेली माणसं आठवतात.

लग्नानंतर वसईत आले, तर अवतीभवती तशीच नावं: फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोन्साल्विस. घरात मराठी बोलणारी, शेतीवाडीची माणसं. शेजारच्या मुलीला मी परवा तिच्या रॉड्रिग्ज आडनावातला रोद्रिगो उलगडून सांगितला: आधी कीर्ती, मग राज्य. तिला ते भलतंच आवडलं. तिची आई माहेरची गोन्साल्विस. “मग मम्मीचं सांगा ना, काकू,” म्हणाली. त्यात लढाई आहे म्हटल्यावर ती आईला सांगायला धावतच गेली.