बेर्था बेंझचा गार्टर
ऑगस्ट १८८८. पतीला न सांगता, दोन मुलांना घेऊन बेर्था बेंझ मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने निघाली. वाटेत ठिणगीपर्यंत वीज नेणाऱ्या तारेचे आवरण झिजून तार उघडी पडली. तेव्हा तिने पायमोज्याचा गार्टर काढून त्या तारेभोवती गुंडाळला, असे सांगितले जाते. हा प्रसंग लोक गंमत म्हणून सांगतात आणि तिच्यातील अभियंत्यावर अन्याय करतात.

इंजिनात ठिणगी पडायची तर फटीतील हवा भेदण्यासाठी हजारो व्होल्ट लागतात. एवढ्या दाबाची वीज मोठी चुकार; ओल, काजळी, फाटके कापड, जी सोपी वाट दिसेल तिथून ती निसटते आणि इंजिन मुके होते. १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने उच्चदाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. वीज मिळाली, पण तिला आवरायचे कशाने? स्पार्क प्लगमधील चिनी माती उष्णतेच्या चढउतारांनी तडके. अभ्रक तडकत नसे, मात्र त्याच्या थरांत तेल मुरे. पुढे १९३०च्या दशकात उच्च तापमानाला भाजलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचे रोधक आले, तेव्हा कुठे आच आणि वीज दोन्ही एकदम सोसणारा पदार्थ हाती लागला.