रंगाऱ्यांच्या गावाकडे, फुलीच्या टाक्याने

वेरूळची लेणी आणि घृष्णेश्वराचे दर्शन आटोपले की बहुतेक मंडळी संभाजीनगरच्या वाटेने मागे फिरतात. त्याऐवजी कसाबखेड्यावरून पश्चिमेला शिऊरच्या रस्त्याला लागावे, म्हणजे वाटेत देवगाव रंगारी लागते. कन्नड तालुक्यातले हे गाव. आजूबाजूला कापूस, मका, पाण्याची सोय असेल तिथे अद्रक. प्रवाशांनी मुद्दाम उतरावे असे लेणे येथे नाही. पण मला या गावाचे नावच फार आवडते.

देवगाव नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. या देवगावाला ओळख मिळाली ती रंगाऱ्यांची, म्हणजे कापड रंगविणाऱ्यांची. एखाद्या गावाने आपल्या नावात हातातले कसब जपावे, ही काही लहान गोष्ट नव्हे. जुना रंगारी रंग आणायचा तो रानातूनच. निळीचा निळा, हळदीचा पिवळा, पळसाच्या फुलांचा केशरी आणि आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांचा लाल. रंग कापडात मुरावा म्हणून हिरडा आणि तुरटी. पुढे कारखान्यातले रंग आले. १८९७ साली जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि मग देशोदेशीच्या निळीच्या शेतीला उतरती कळा लागली. रंगाऱ्याचे हंडे थंडावले ते असे.

पण भगिनींनो, कापडावर रंग चढविण्याची आणखी एक रीत आहे. तिला हंडा लागत नाही, भट्टी लागत नाही. एक सुई आणि धाग्याची लडी असली की झाले. आपल्या गावांकडे जुन्या घरात गेलात तर दारावरचे मॅटीच्या कापडाचे तोरण, काचेच्या चौकटीतला पोपट, रेडिओवर किंवा टीव्हीवर टाकलेला रुमाल हमखास दिसेल. त्यावरची नक्षी बहुधा फुलीच्या टाक्याची. कोणी त्याला क्रॉस स्टिच म्हणते, कोणी एक्सचा टाका. घरच्या कोणीतरी लग्नाआधी रुखवतासाठी तो भरलेला असतो. आणि मग विचारावे, "त्यानंतर काय भरले?" तर उत्तर येते, "त्यानंतर कुठला वेळ?"

मला खटकते ते हेच. रुखवत मांडले, पाहुण्यांनी वाखाणले, आणि सुई कायमची डबीत गेली. म्हणजे ते भरतकाम लोकांना दाखविण्यापुरते होते, स्वतःच्या आनंदासाठी नव्हतेच. आता तर रुखवतही तयार मिळते.

वास्तविक शेतावर राबणाऱ्या बाईला सोसेल असा हा छंद आहे. चित्र काढता यावे लागत नाही; मोजता आले म्हणजे पुरे. मॅटीच्या कापडाला उभ्या-आडव्या धाग्यांची घरे असतात. एका घराच्या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात एक तिरका टाका, त्यावर दुसरा उलटा तिरका; झाली फुली. एका ओळीचे सगळे अर्धे टाके आधी घालत जावे आणि परत येताना ते पुरे करावेत. मात्र वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला झुकलेला हवा, नाहीतर उभ्या पिकात वारा शिरल्यासारखे काम दिसते. सुई बोथट टोकाची घ्यावी. लडीचा धागा सहा पदरी असतो. कापड पाहून दोन किंवा तीन पदर सुटे करावेत. धागा हातभरच घ्यावा, लांब घेतला की गुंता होतो. शेवटी गाठ न मारता मागच्या टाक्यांखालून तो ओवून घ्यावा. लाल धागा वापरण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा. कच्चा रंग असेल तर तेव्हाच कळतो.

शहरात इंचाला १४ घरे असलेले कापडही मिळते. त्यावर ७० घरे रुंद आणि ७० उंच अशी नक्षी पाच इंचांची होते, आणि सगळी भरली तर ४,९०० फुल्या लागतात. आकडा ऐकून दचकू नका. दिवसाला शंभर घातल्या तरी ४९ दिवस. कांद्याच्या रोपापेक्षा फार जास्त नव्हे!

कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र सुईला हात लावू नये, असे माझे मत. बोंडांच्या टोकांनी बोटांना चिरा पडतात आणि धागा त्यात अडकत राहतो. रबीची सुगी उरकली, उन्हाळ्याची लांब दुपार आली, की ओसरीवर उजेडात बसावे. रात्री दिव्याखाली डोळे शिणवू नयेत.

आता नमुने कुठून आणायचे? छापील हंस आणि गुलाब सगळीकडे सारखेच असतात. त्यासाठी कन्नड तालुक्यातच थोडे पुढे जावे. इकडे बंजारा समाजाचे तांडे आहेत. तांड्यावरच्या जुन्या बायांचा फेटिया, म्हणजे घागरा, आणि कांचळी पाहावी. आरसे आणि कवड्यांकडे नजर आधी जाते. पण त्यांच्या मधली जागा बारीक मोजून घातलेल्या टाक्यांनी भरलेली असते, आणि त्यात फुलीचा टाकाही असतो. कापडावर पेन्सिलीची रेघ नसते. चौकोन, त्रिकोण, काटकोन सगळे डोक्यात. कर्नाटकातल्या संडूर येथील अशाच लंबाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिथल्या बायांना त्यातून काम मिळते. आपल्याकडे मात्र जुना फेटिया पुष्कळदा फेरीवाल्याला कवडीमोलाने जातो, आणि शहरात त्याचे तुकडे होऊन पिशव्या व उशीचे अभ्रे बनतात. सुनेला तो वापरायचा नसतो, हे समजू शकते. पण नक्षी उतरून घेण्याआधीच तो घराबाहेर गेला, की ती नक्षी गेलीच.

इरकली लुगड्यावरची कशिद्याची कसुतीही आपल्याला परकी नाही. धारवाडकडच्या या कामात चार टाके: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. त्यातला मेंथी म्हणजे आपला फुलीचाच टाका. गोपुर, रथ, हत्ती, तुळशी वृंदावन असे सगळे त्यात येते. गवंती आणि मुरगी तर दोन्ही बाजूंनी सारख्या दिसतात.

दूरच्या पॅलेस्टाईनमध्येही शेतकरी बायका आपल्या झग्यांवर फुलीच्याच टाक्याने भरत आल्या. नक्षी आणि रंग पाहून बाई कोणत्या भागातली ते ओळखू येई. २०२१ साली युनेस्कोने त्या कलेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. त्याही बायांना शेती होती, जनावरे होती, लेकरे होती.

सुरुवात करायची तर मुलांच्या गणिताची चौकटींची वही पुरते. एक चौकट म्हणजे एक फुली. ट्रंकेतली आजीची चोळी, शेजारच्या तांड्यावरची कांचळी, जे मिळेल ते समोर ठेवावे, तिच्या धनिणीला विचारून, आणि रंगीत पेन्सिलीने घरे भरत जावे. बाजूला बाईचे नाव आणि गाव लिहावे. एक सांगते: कापड आधी उलटे करून पाहा. टाका कुठून निघाला आणि कुठे गेला, ते मागच्या बाजूने लवकर कळते.