जावा २५० : घरगुती पुनर्बांधणीचा एक अनुभव

मोटारसायकलची दुरुस्ती आणि तिची पुनर्बांधणी या दोन कामांत हत्यारे बहुतेक तीच लागत असली, तरी दोहोंचा हेतू निराळा असतो. दुरुस्ती गाडी चालती ठेवण्यासाठी केली जाते आणि तिला बसेल तो भाग चालतो. पुनर्बांधणीत मात्र गाडी तिच्या आयुष्यातील नेमक्या कोणत्या काळातल्या रूपात परत आणायची, हा प्रश्न पाना हाती घेण्याआधीच सोडवावा लागतो, आणि भारतीय गाड्यांच्या बाबतीत तो वाटतो तितका सरळ नाही. येथे मोटारसायकल ही प्रदर्शनाची नव्हे, तर रोजच्या राबत्याची वस्तू होती. ती वीस-तीस वर्षे दुधाच्या किटल्या, खताची पोती आणि तिघा-चौघांचे कुटुंब वाहत राहिली आणि प्रत्येक बिघाडाच्या वेळी जवळच्या मिस्त्रीने हाताशी होते त्या सामानावर तिला पुन्हा रस्त्यावर आणले. त्यामुळे भंगाराच्या वाटेवरून घरी आणलेल्या जुन्या गाडीत कारखान्यातून निघालेली गाडी क्वचितच सापडते. सापडतात ते अनेक अनामिक मिस्त्र्यांनी वेळोवेळी घेतलेले निर्णय, आणि ते वाचता येणे हाच या छंदाचा पहिला अभ्यास होय.

येथे मांडलेला अनुभव कोल्हापुरात, राहत्या घराच्या पडवीत, प्रस्तुत लेखकाने केलेल्या एका जावा २५० च्या पुनर्बांधणीचा आहे. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियातील कंपनी. फ्रान्तिशेक यानेचेक यांनी ती १९२९ मध्ये प्रागमध्ये सुरू केली. भारतात रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या पुढाकाराने म्हैसूर येथे आयडियल जावा ही कंपनी उभी राहिली, तेथे १९६१ मध्ये उत्पादन सुरू झाले, १९७३ पासून गाड्या येझदी या नावाने विकल्या जाऊ लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये बाजारात परतले खरे, परंतु नव्या गाडीचे इंजिन फोर-स्ट्रोक आणि द्रवाने थंड होणारे असल्यामुळे तिचा एकही महत्त्वाचा भाग जुन्या गाडीला उपयोगी पडत नाही. जुन्या गाडीच्या मालकाला सुट्या भागांसाठी पुण्याच्या नाना पेठेतील जुनी दुकाने, त्याच शहरात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, आणि ज्यांच्या माळ्यावर अजून म्हैसूरचा माल पडून आहे असे निवृत्त मिस्त्री यांच्यावरच विसंबावे लागते.

जावाचे इंजिन एका सिलिंडरचे, ६५ मिलिमीटर व्यासाचे आणि ७५ मिलिमीटर धावेचे, म्हणजे सुमारे २४९ घनसेंटिमीटरचे असून, सिलिंडर एकच असताना सायलेन्सर मात्र दोन, ही तिची दुरून ओळखू येणारी खूण आहे. ते टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या एका वर-खाली येण्यातच आपले चक्र पुरे करणारे इंजिन आहे. त्यात झडपा नसतात. कार्ब्युरेटरमधून येणारे हवा-पेट्रोलचे मिश्रण प्रथम पिस्टनच्या खालच्या क्रॅंककेसमध्ये, म्हणजे क्रॅंक जिच्यात फिरतो त्या बंद पेटीत, शिरते, तेथे खाली येणाऱ्या पिस्टनने दाबले जाते आणि सिलिंडरच्या भिंतीतील वाटांनी वर चढते. याचा अर्थ असा की ही पेटी हवाबंद असणे ही या इंजिनाच्या आरोग्याची पहिली अट आहे, आणि ती सांभाळण्याचे काम क्रॅंकच्या दोन्ही टोकांना असलेल्या ऑइल सील या रबरी कड्या करतात. डावीकडची सील झिजली तर प्रायमरी चेनच्या कप्प्यातले गिअरचे ऑइल इंजिनात ओढले जाऊन गाडी निळसर धूर ओकू लागते. उजवीकडची, डायनॅमोच्या बाजूची, झिजली तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते, इंजिन तापते आणि अखेरीस पिस्टन सिलिंडरला धरतो. पडवीत आलेल्या गाडीचा कार्ब्युरेटर मूळचा, जिकोव्ह बनावटीचा, नव्हता. धूर कमी व्हावा म्हणून तो केव्हातरी बदलला गेला असावा, असे तर्काने म्हणता येते, कारण डावी सील हाताला लागली तेव्हा तिची कड दगडासारखी कडक झालेली होती आणि क्रॅंककेसच्या तळाशी गिअरचे ऑइल साचलेले होते. दोष एका ठिकाणी आणि उपाय दुसऱ्या ठिकाणी, असे जुन्या गाड्यांत इतक्या वेळा आढळते की बदललेला भाग दिसला की तो कशासाठी बदलला असेल, हे विचारण्याची सवय आपोआप लागते.

इंजिन उघडल्यावर पिस्टनच्या माथ्यावर ६५.७५ हा ठसा मिळाला. झिजलेला सिलिंडर लेथवर किंवा बोअरिंग मशीनवर किंचित रुंद करून त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात आणि हे पिस्टन पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात. म्हणजे या सिलिंडरचे बहुधा तीनदा बोअरिंग झालेले होते आणि चौथ्यासाठी ६६ मिलिमीटरचे माप उरले होते. त्यापुढे सिलिंडरमध्ये लायनर, म्हणजे नवी आतली नळी, ठोकण्यावाचून गत्यंतर नसते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात असे काम करणारे जुने कारागीर अजून आहेत आणि त्यांची पहिली अट ठरलेली असते : आधी पिस्टन आणा, मग बोअरचं बघू. ही अट नुसत्या हटवादीपणाची नाही; एकाच मापाचे म्हणून विकले जाणारे दोन पिस्टन मायक्रोमीटरखाली वेगळे निघतात आणि ओतीव लोखंडाच्या सिलिंडरात पिस्टनभोवती ठेवायची फट मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजायची असते. ती कमी राहिली तर तापलेला पिस्टन फुगून अडकतो. जास्त राहिली तर तो खडखडतो.

क्रॅंकचे काम मात्र घरी होण्यासारखे नव्हे. जावाचा क्रॅंक अखंड नसून दोन चकत्या आणि त्यांच्यात दाबून बसवलेली एक पिन यांचा जोड असतो. कनेक्टिंग रॉड बदलायचा तर प्रेसवर चकत्या वेगळ्या करून पुन्हा दाबाव्या लागतात आणि नंतर दोन्ही बाजूंचे दांडे एका रेषेत फिरतात की नाही, हे डायल गेज या सूक्ष्म काट्याच्या उपकरणाने पाहून तांब्याच्या हातोड्याने चकतीवर नेमका ठोका द्यावा लागतो. हा ठोका किती जोराचा असावा, हे कोणत्याही पुस्तकात नाही. उद्यमनगरातील ज्या वयस्क कारागिराने ते काम केले, त्याने काट्याकडे पाहिले ते शेवटी, खात्रीपुरते. त्याआधी त्याने क्रॅंक हाताने फिरवून केवळ आवाज ऐकला. घरगुती म्हणवला जाणारा हा छंद वास्तविक अशा घराबाहेरच्या हातांवर उभा आहे, आणि या हातांची पुढची पिढी सीएनसी यंत्रांकडे वळलेली असल्यामुळे एकाच नगाचे काम स्वीकारणारे दुकान शोधणे दरवर्षी अवघड होत चालले आहे.

घरात करता आले ते बेअरिंगचे काम. इंजिनाची पेटी ॲल्युमिनियमची आणि बेअरिंग पोलादाचे असते, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ६० मिलिमीटर व्यासाचे भोक असलेली ॲल्युमिनियमची पेटी ८० अंशांनी तापवली तर ते भोक सुमारे ०.११ मिलिमीटरने रुंदावते, आणि तेवढ्या वेळात फ्रीझरमधून काढलेले थंड बेअरिंग हातोड्याशिवाय, स्वतःच्या वजनाने, आत जाऊन बसते. हातोडीने ठोकलेले बेअरिंग वाकडे बसून पेटीची बैठक सैल करते, म्हणून ही पद्धत श्रेयस्कर. तिच्यासाठी केक भाजण्याचा ओव्हन लागतो, आणि पेटी रॉकेलने व साबणाने कितीही धुतलेली असली तरी त्या ओव्हनसाठी घरातून परवानगी मिळवणे, हा या तंत्राचा सर्वांत नाजूक टप्पा ठरला.

गंज काढण्यासाठी विद्युत-अपघटनाची रीत वापरली गेली. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घेऊन त्यात लिटरमागे साधारण चहाचा एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवायचा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि लोखंडाचा एखादा टाकाऊ पत्रा धन टोकाला जोडायचा, आणि दोन्ही एकमेकांना लागू न देता बुडवून ठेवायचे. काही तासांत गंज सुटून चिखलासारखा तळाशी बसतो, पण शाबूत लोखंड मात्र झिजत नाही, हा ॲसिडच्या तुलनेत या रीतीचा मोठा गुण आहे. धन टोकाला स्टेनलेस पोलाद कधीही लावू नये, कारण त्यातील क्रोमियमपासून विषारी संयुगे पाण्यात उतरतात. ॲल्युमिनियमचा भाग या टबात घालू नये, कारण सोड्यात तो स्वतःच विरघळू लागतो. आणि प्रक्रियेत हायड्रोजन वायू निघत असल्यामुळे हे काम बंद खोलीत करू नये. कोल्हापूरच्या पावसात उघड्यावर राहिलेल्या गाडीचे स्टँड, ब्रेकचे दांडे आणि टूलबॉक्सची झाकणे अशा रीतीने निघाल्यावर त्यांच्यावरचे कारखान्याचे ठसे पुन्हा वाचता आले. चाकांचे स्पोक, केबल, वायरिंग यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही; ती कामे वेळखाऊ असतात, अवघड नसतात.

खरा पेच बाहेरच्या रूपाचा होता. जावाच्या टाकीच्या बाजू क्रोमच्या, बाकीचा रंग गडद तांबडा, आणि दोहोंच्या सीमेवर हाताने ओढलेली बारीक रेघ, हे तिचे परिचित रूप आहे. क्रोम म्हणून जे चमकते त्याचा थर मायक्रॉनहूनही पातळ असतो. गंजापासून खरे संरक्षण त्याच्याखालच्या निकेलचे असते, आणि पुन्हा क्रोम करताना जुना थर काढण्यासाठी केलेल्या पॉलिशमध्ये पत्र्याच्या कडा व उठावाची अक्षरे गुळगुळीत होऊन कायमची जातात. म्हणून टाकीचे जुने, काही ठिकाणी डाग पडलेले क्रोम तसेच ठेवून फक्त स्वच्छ करण्यात आले. मागच्या मडगार्डवर मात्र आधीच्या कोणा मालकाने पेंटरकडून पिवळ्या अक्षरांत जोतिबाच्या नावानं चांगभलं असे लिहून घेतलेले होते. कारखान्याशी निष्ठा ठेवायची तर ती अक्षरे घासून काढणे भाग होते. पण या गाडीने म्हैसूरच्या कारखान्यात घालवलेला काळ आणि जोतिबाच्या वाडी रत्नागिरीच्या चढावर घालवलेला काळ यांची तुलना केली, तर पहिल्यालाच अस्सल मानण्याचे कारण सापडत नाही. मडगार्डला रंग दिला गेला नाही. छंदिष्टांच्या मेळाव्यांत अशा गाडीला बक्षीस मिळत नाही, आणि परीक्षकांच्या दृष्टीने ते रास्तही आहे.

या निर्णयामागे एक साधी कसोटी होती, जी संग्रहालयांतील जतनाच्या कामातही वापरली जाते : जो बदल पुढे कोणाला परत फिरवता येईल तो करण्यास हरकत नाही, जो येणार नाही तो टाळावा. इंजिनाच्या आतले झिजणारे भाग या कसोटीतून वगळावे लागतात, कारण तेथे भावनेपेक्षा मापाचा अधिकार चालतो. परंतु ६ व्होल्टचा मूळ डायनॅमो काढून १२ व्होल्टची इलेक्ट्रॉनिक योजना बसवण्याचा जो सल्ला सर्वत्र मिळतो, तो केवळ पेटी न कापता बसणाऱ्या संचापुरताच मान्य करण्यासारखा आहे. पडवीतल्या गाडीत डायनॅमो ठेवला गेला. तिचा दिवा रात्री मंद असतो हे खरे, पण सेवानिवृत्त गाडीने रात्रीचा महामार्ग गाठावा असा आग्रह कोणी धरीत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता, इंजिन आणि चेसिस यांवर ठोकलेले क्रमांक आरसी बुकाशी जुळणे ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. रंगाआधी पुट्टी लावणाऱ्याने चेसिसवरचा क्रमांक बुजवला, तर आरटीओच्या तपासणीत उत्तम गाडीही संशयास्पद ठरते. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जतन केलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, तिचा क्रमांक व्हीए या अक्षरांनी ओळखला जातो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. जी गाडी आठवड्यातून एकदा तरी भाजी आणायला न्यायची आहे, तिच्या मालकाने साध्या नूतनीकरणाचा मार्ग धरावा, असे अनुभवान्ती वाटते.

चालू झालेल्या गाडीचा पुढचा शत्रू पेट्रोलमध्येच आहे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, जुन्या रबराला फुगवते आणि टाकीच्या तळाशी गंज धरायला मदत करते. टू-स्ट्रोक गाडीत वंगणाचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे असते, जुन्या प्रथेप्रमाणे २५ लिटरमागे १ लिटर, आणि पाणी शिरलेल्या पेट्रोलमध्ये ते नीट मिसळून राहत नाही, ही बाब पिस्टनच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. म्हणून पेट्रोल कॉकमधील आणि कार्ब्युरेटरमधील जुनी रबरे काढून इथेनॉल सोसणारी बसवण्यात आली, आणि पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरचे भांडे कोरडे करून, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सिलिंडरात सोडून किक दोन-चारदा हलकेच फिरवण्याचा परिपाठ ठेवला गेला. जावात किकचा आणि गिअरचा दांडा एकच असतो. तो आत दाबून मागे फिरवला की किक होते, आणि नवख्या माणसाला गाडी देताना हे आधी सांगावे लागते.