ए तू!

भाची ऑकलंडहून बावड्याला येणार म्हणून मी तिच्यासाठी एक ॲप बनवलं होतं. पुण्यात दिवसभर कोडच लिहितो, त्यामुळे दोन वीकेंड पुरले. चित्र दिसणार, मराठी शब्द ऐकू येणार, बरोबर उत्तराला एक तारा. आठ वर्षांच्या पोरीनं ते विमानातच संपवलं. सगळे तारे मिळवले. घरात पाय ठेवल्यावर आईनं विचारलं, “दमलीस का गं बाय? च्या घेतीस का दूध देऊ?” तर ती माझ्याकडं बघायला लागली. माझ्या ॲपमध्ये ‘तुम्ही चहा घेणार का?’ होतं.

तेव्हा सगळे हसले, पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दर रविवारचा व्हिडिओ कॉल आईच्या “जेवलीस का?” आणि तिकडच्या “हो” वर येऊन थांबला होता. मग भाची स्क्रीनमधून निघून जायची. दिवाळीनंतर आईनं ‘फोन लाव की’ म्हणणंच सोडलं. मी विचारलं तर म्हणाली, “तिला माझं कळत नाय, मला तिचं. उगं पोरीला कशाला ताटकळत ठेवायचं?”

मजा म्हणजे या पोरीला थोडी माओरी येत होती. न्यूझीलंडच्या मूळ लोकांची ही भाषा १९८७ पासून तिथली अधिकृत भाषा आहे. शाळेत उठा, बसा, ऐका हे माओरीत, आकडे आणि रंग माओरीत, दारावर-खिडकीवर माओरी शब्दांच्या चिठ्ठ्या. परक्या भाषेत ही टुणटुण उड्या मारणार आणि आजीपुढं मुकी. मला ताईचा रागच आला होता. पण ताई नवऱ्यासोबत दिवसभर नोकरी करून येते, आणि शेवटी मी तरी काय केलं होतं, ॲपच ना!

मग रात्री मी माओरीबद्दल वाचत बसलो. एके काळी शाळेत माओरी बोललं की मुलांना छड्या बसायच्या. त्यातून मोठ्या झालेल्यांनी पुढं आपल्या मुलांशी इंग्रजीच धरली. विसाव्या शतकाच्या सत्तरीत लक्षात आलं की अस्खलित बोलणारे बहुतेक आजी-आजोबाच उरलेत. त्यावर १९८२ साली वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाटात पहिलं ‘कोहांगा रेओ’ सुरू झालं. कोहांगा म्हणजे घरटं, रेओ म्हणजे भाषा. शाळेत न जाणारी लहान पोरं आज्यांजवळ ठेवायची, आणि तिथं जे काही चालेल, खाणं, खेळणं, झोपणं, ते माओरीतच. मधली पिढी ओलांडून सरळ आजीकडून नातवाकडं. वाचून फोन बाजूला ठेवला. पलीकडच्या खोलीत आमची आजी आणि नात एकमेकींकडं पाठ करून झोपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी काही शिकवलं नाही. आईला फक्त म्हणालो, गजगे काढ. गजगे म्हणजे सागरगोटे. नव्हतेच, म्हणून अंगणातले पाच खडे निवडले. आईनं एक वर उडवला, खालचा उचलला, वरचा झेलला. भाची ओरडली, “कोरुरू!” पाच खड्यांचा हाच खेळ माओरींकडं आहे आणि तिच्या शाळेत तो शिकवतात. बसली की मांडी घालून.

त्यानंतर माझं काम संपलं. ‘उडव’, ‘झेल’, ‘सांडला’, ‘आता माझा डाव’, ‘हात लागला, बाद!’ हे शब्द तिला पाठ करावे लागले नाहीत, कारण ते आले नाहीत तर आई तिचा डाव खुशाल ढापायची. साठीची बाई, आठ वर्षांच्या पोरीशी! बदल्यात तिनं आजीला आकडे शिकवले. ताही, रुआ, तोरू, फा, रिमा. आठाला ‘वारू’. आई म्हणाली, “घोडा व्हय, मग राहील ध्यानात.”

पुढच्या आकड्यांपाशी गाडी अडली. माओरीत तेवीस म्हणजे ‘रुआ तेकाऊ मा तोरू’, दोन दहा आणि तीन. वाचलं की कळतं. आपलं तेवीस, त्रेचाळीस, त्रेसष्ट ज्याचं त्याला पाठ. आणि एकोणतीस? तीसला एक कमी. आम्ही प्रोग्रॅमर अशा एकानं चुकण्याला बग म्हणतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आलं, तेव्हा त्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकरांवर सगळीकडं विनोद झाले. मीही चार मीम फॉरवर्ड केली होती. या पोरीला ‘वीस तीन’ एका मिनिटात कळलं, तेव्हा त्या फॉरवर्डची लाज वाटली.

आईला मात्र ते मान्य नव्हतं. “दुकानात कोण बोलतं असं?” तिनं नातीच्या हातात पन्नासची नोट दिली, मागं कोणी जायचं नाही असं बजावलं, आणि किराणा दुकानात पाठवलं. शेंगदाणे, काडेपेटी, आणि उरलेले किती ते येऊन मराठीत सांगायचं. बरोबर सांगितलं तर उरलेले तिचे. पहिल्या दिवशी ती सत्तावीस परत आणून ‘सदतीस’ म्हणाली आणि सत्तावीस रुपये गमावले. आईनं दया दाखवली नाही. आठवड्याभरात पोरगी एकोणीससुद्धा चुकेना.

शाळेतल्या बाईंनी कौतुकानं तिला एक तास वर्गात बोलावलं. तिथं हुकुमाचा खेळ घ्यायचा ठरला. ती सांगेल तसं पोरांनी करायचं. पुढं उभी राहून ती पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाली, “ए तू!”

वर्ग गप्प. पहिल्या बाकावरचा पोरगा छातीवर बोट ठेवून म्हणाला, “कोण, मी?”

माओरीत ‘ए तू’ म्हणजे उभे राहा. हे कळल्यावर जो गोंधळ झाला तो बाईंनाही आवरला नाही. ‘ए तू’ला उठायचं, ‘ए नोहो’ला बसायचं. मग पाळी वर्गाची. पोरांनी तिला ‘वाकून उभी ऱ्हा’, ‘एका पायावर लंगड’, ‘गपकन बस’ असे हुकूम सोडले. ‘गपकन’ हा शब्द मी कुठल्या ॲपमध्ये घातला असता, सांगा.

जानेवारीच्या शेवटी ते परत गेले. माझं ॲप अजून दर सोमवारी मला कळवतं की वापरकर्ता सक्रिय नाही.

परवा रविवारी सकाळी आईनंच फोन लावायला लावला. तांब्याला मोबाईल टेकवला, मांडीजवळ पाच खडे. तिकडं संध्याकाळ, तिकडंही पाच खडे. आई माओरीत मोजत होती. पाचपर्यंत नीट गेली आणि पुढं सरळ वारूवर उडी मारली.

“आजी, तू रडीचा डाव खेळतीस!”

मागून ताईचा आवाज आला, “खेळतेस म्हणावं, बाळा.”

“नाय,” भाची म्हणाली. “खेळतीस.”